एसएसएच टनेल: पोर्ट फॉरवर्ड करण्याआधी, करताना आणि बंद करताना

एसएसएच म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करायचा मार्ग, आणि टनेल किंवा पोर्ट फॉरवर्ड म्हणजे एका यंत्राच्या पोर्टवर आलेली जोडणी त्या मार्गानं दुसरीकडच्या सेवेपर्यंत नेणं. टनेल चालत नाही म्हणून मदत मागणाऱ्यांची कमांड बहुतेक वेळा बरोबरच असते. चुकलेला असतो तो तिच्यातल्या 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच यंत्र', पत्ता १२७.०.०.१) या शब्दाचा अर्थ. तो लोकलहोस्ट लॅपटॉपचा आहे की सर्व्हरचा, हे टाइप करण्याआधी ठरलेलं नसतं. मग पोर्ट बदलून बघ, दिशा उलटी करून बघ, असं चालू होतं, आणि शेवटी कधी कधी टनेल चालू होतं पण भलत्याच ठिकाणी. तसं होणं हे न चालण्यापेक्षाही वाईट.

इथले टप्पे ओपनएसएसएच हा एसएसएच प्रोग्राम धरून लिहिले आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. एसएसएचमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचे अर्थ वेगळे असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी कोणतं अक्षर ते लिहिलं आहे.

१. कमांडआधी कागदावर चार ओळी

कागदच घ्या, मनातल्या मनात नको. या चार गोष्टी लिहा:

- पोर्ट कोणत्या यंत्रावर उघडायचं, म्हणजे ऐकणारं टोक कोणतं
- त्या यंत्राच्या कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नंबरवर
- एसएसएच सर्व्हर कोणता आणि तिथला युजर कोण
- शेवटची सेवा कुठे आहे, आणि तिला प्रत्यक्ष जोडणारं यंत्र कोणतं

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. लोकल फॉरवर्डमध्ये (दूरची सेवा आपल्या यंत्रावर आणताना) शेवटच्या सेवेशी एसएसएच सर्व्हर जोडतो, तुमचा लॅपटॉप नाही. म्हणून त्या सेवेचं नाव किंवा पत्ता सर्व्हरला समजेल असाच लिहावा लागतो. सर्व्हरला जे नाव सापडत नाही ते लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या नावाचा पत्ता कोणता ते लिहिलेली फाइल) असूनही उपयोग नाही. रिमोट फॉरवर्डमध्ये (आपली सेवा दूरच्या यंत्रावर दाखवताना) हे बरोबर उलटं: ऐकतो सर्व्हर, जोडतो लॅपटॉप.

ऐकणारा नंबर निवडताना १०२४ च्या वरचा घ्या, कारण सर्वसाधारणपणे त्याखालचे पोर्ट उघडायला रूटचा (मुख्य प्रशासकाचा) अधिकार लागतो. आणि मूळ सेवेचाच नंबर पुन्हा वापरू नका. डेटाबेस ५४३२ वर असेल तर लॅपटॉपवर १५४३२ घ्या.

हा आग्रह मी एका अनुभवानंतर धरू लागलो. माझ्या लॅपटॉपवर चाचणीचा पोस्टग्रेस डेटाबेस ५४३२ वर आधीच चालू होता. टनेलही मी त्याच नंबरवर मागितलं. एसएसएचनं 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी एक ओळ छापली, त्याखाली सर्व्हरचा नेहमीचा स्वागत-मजकूर आला, प्रॉम्प्ट आला, आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली. युजर आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे क्लायंट बिनतक्रार जोडला गेला. तासभर मी जुन्या चाचणी-डेटावर आकडे काढत बसलो होतो. त्या दिवशी मी फक्त वाचत होतो हे नशीब. पुसायची कमांड उलट दिशेनं, म्हणजे चाचणीऐवजी खऱ्या डेटाबेसवर, अशीच गेली असती.

२. दिशा ठरवा

दूरची सेवा माझ्या यंत्रावर हवी असेल तर लोकल, म्हणजे कॅपिटल एल. माझी सेवा दूरच्या यंत्रावर दिसायला हवी असेल तर रिमोट, म्हणजे कॅपिटल आर. एकाच सेवेऐवजी त्या बाजूच्या अनेक ठिकाणी जायचं असेल तर डायनॅमिक, म्हणजे कॅपिटल डी.

इशारा: या तिन्हींतून फक्त टीसीपी जातं. यूडीपीवर चालणारी सेवा यातून नेता येत नाही, त्यासाठी व्हीपीएन बघा.

दुसरा इशारा: एन्क्रिप्शन एसएसएचच्या दोन टोकांपुरतंच असतं. सर्व्हरपासून पुढे डेटाबेसपर्यंतचा टप्पा उघडा असू शकतो. तो भरवशाच्या नेटवर्कवर नसेल तर डेटाबेसचं टीएलएस (त्याचं स्वतःचं एन्क्रिप्शन) चालूच ठेवा.

३. टनेलशिवाय दोन्ही टोकं तपासा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग चूक टनेलमध्ये शोधत बसतात.

आधी साधं लॉगिन करून बघा. पहिल्यांदाच जोडत असाल तर होस्ट कीचा (सर्व्हरच्या ओळखीच्या किल्लीचा) फिंगरप्रिंट सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून घेऊन ताडून पाहा. डोळे झाकून 'येस' टाइप केलं तर सुरक्षित जोडणीचा पायाच जातो.

लॉगिन झाल्यावर सर्व्हरवर बसूनच शेवटची सेवा गाठता येते का ते बघा. नेटकॅट (पोर्टला जोडून बघायचं साधन) असेल तर: एनसी, मग स्मॉल झेड आणि स्मॉल व्ही, मग पत्ता आणि पोर्ट. उदाहरणार्थ १०.०.२.१५ आणि ५४३२. इथेच 'रिफ्यूज्ड' आलं तर सेवा बंद आहे किंवा वेगळ्या पत्त्यावर ऐकते आहे. जोडणी लटकून राहिली तर बहुधा मधली फायरवॉल. दोन्ही बाबतींत टनेल बांधून काही साधणार नाही.

सेवा सर्व्हरवरच असेल तर ती नेमक्या कोणत्या पत्त्यावर ऐकते ते 'एसएस' कमांडला स्मॉल एल, टी, एन, पी देऊन बघा. १२७.०.०.१ दिसलं तर टनेलमध्येही १२७.०.०.१ च लिहा. 'लोकलहोस्ट' लिहिलं तर त्याचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ताही होऊ शकतो, आणि तिथे कोणी ऐकतच नसतं.

शेवटी लॅपटॉपवर बघा: निवडलेला पोर्ट मोकळा आहे का? लिनक्सवर तीच 'एसएस', मॅकवर 'एलएसओएफ'.

४. लोकल फॉरवर्ड, पहिल्यांदा डोळ्यांसमोर

कमांडचा क्रम असा:

एसएसएच — कॅपिटल एन — स्मॉल ओ एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर=येस — कॅपिटल एल १२७.०.०.१:१५४३२:१०.०.२.१५:५४३२ — युजर@सर्व्हर

कॅपिटल एलच्या पुढचे चार भाग कोलनने वेगळे होतात. पहिले दोन ऐकणाऱ्या टोकाचे, शेवटचे दोन सर्व्हरच्या नजरेतून सेवेचे. कॅपिटल एन म्हणजे सर्व्हरवर शेल नको, फक्त फॉरवर्ड. प्रॉम्प्ट येणार नाही, कर्सर लुकलुकत राहील. ते अडकलं आहे असं समजून बंद करणारे पुष्कळ भेटतात. ते चालू आहे.

एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर मुळात 'नो' असतं. म्हणजे पोर्ट उघडता आला नाही तरी एसएसएच जोडलेलं राहतं, वर सांगितलेल्या माझ्या प्रसंगात तेच झालं. ते 'येस' केलं की एसएसएच तिथेच थांबतं. पण हा पर्याय फक्त ऐकणारा पोर्ट उघडण्यापुरता आहे. पलीकडची सेवा बंद असेल तर तो काही बोलत नाही.

सुरुवातीचं १२७.०.०.१ गाळू नका. ते गाळलं की एसएसएच आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन्ही लूपबॅक (म्हणजे त्याच यंत्रापुरत्या) पत्त्यांवर पोर्ट उघडू पाहतं, आणि दोहोंपैकी एक मिळाला तरी काम झालं असं धरतं. म्हणजे आयपीव्ही४ वर दुसरीच सेवा बसलेली असताना टनेल नुसतं आयपीव्ही६ वर उघडतं आणि एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअरही गप्प राहतं. पत्ता नेमका दिला की ही पळवाट बंद.

त्या जागी ०.०.०.० किंवा तारा घालू नका, स्मॉल जीही नको. तसं केलं की तुमच्या नेटवर्कवरच्या कोणालाही तुमच्या यंत्रामार्फत त्या डेटाबेसच्या दारापर्यंत जाता येतं.

पहिल्या खेपेला स्मॉल एफ देऊन पार्श्वभूमीत पाठवू नका. चुकांचे सगळे संदेश याच खिडकीत येतात. ती समोर ठेवा आणि क्लायंट दुसऱ्या खिडकीत चालवा.

*तपासणी:* लॅपटॉपवरून १५४३२ ला नेटकॅटनं 'जोडलं' असं उत्तर आलं म्हणून टनेल ठीक आहे असं धरू नका. पलीकडची सेवा मेलेली असली तरी हे उत्तर येतंच, कारण ऐकणारं एसएसएच स्वतः आहे. खरा पुरावा सेवेचं स्वतःचं उत्तर. डेटाबेसला आवृत्ती विचारा, त्याचं नाव विचारा, आणि ते अपेक्षित यंत्राचंच आहे ना ते वाचा.

५. क्लायंट योग्य दारावर न्या

टनेल उभं असूनही इथे तीन ठिकाणी गाडी अडते.

मायएसक्यूएल: लिनक्स किंवा मॅकवर होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' दिलं की त्याचा क्लायंट टीसीपीऐवजी यंत्रावरच्या युनिक्स सॉकेटकडे जातो. तुम्ही दिलेला पोर्ट बाजूला राहतो. होस्ट १२७.०.०.१ असाच लिहा.

एचटीटीपीएस: ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८४४३ उघडलं की प्रमाणपत्रातलं नाव जुळत नाही आणि इशारा येतो. तो इशारा ओलांडून पुढे जाण्याची सवय लावून घेऊ नका. होस्ट्स फाइलमध्ये त्या सेवेचं खरं नाव १२७.०.०.१ ला बांधा आणि ब्राउझरमध्ये तेच नाव पोर्टसकट लिहा. काम झालं की ती ओळ काढा, नाहीतर महिन्यानं ती साइट 'बंद पडली' म्हणून तुम्हीच शोधत बसाल. कर्ल वापरत असाल तर 'रिझॉल्व्ह' पर्यायानं एकाच विनंतीपुरतं हे करता येतं.

कंटेनर: डॉकरच्या आतलं १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर, तुमचा लॅपटॉप नाही. पुन्हा तोच प्रश्न, लोकलहोस्ट कोणाचा.

विंडोजवर पुट्टी वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: टनेल्सच्या पानावर पोर्ट आणि पत्ता भरून 'ॲड' दाबायचंच, आणि मग सेशनच्या पानावर जाऊन 'सेव्ह'. नुसते रकाने भरून 'ओपन' दाबलं तर टनेल तयार होत नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही.

६. रिमोट फॉरवर्ड: इथे घाई नको

कॅपिटल आरच्या पुढेही तेच चार भाग, फक्त पहिले दोन आता सर्व्हरचे आणि शेवटचे दोन लॅपटॉपच्या नजरेतून. कॅपिटल आर १२७.०.०.१:९०००:१२७.०.०.१:३००० याचा अर्थ, सर्व्हरच्या ९००० वर येणारं तुमच्या लॅपटॉपच्या ३००० ला जाईल. इथली दोन १२७.०.०.१ दोन वेगळ्या यंत्रांची आहेत. कमांड टाइप करण्याआधी हे मोठ्यानं म्हणून बघा.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: सर्व्हरवरून चालतं, पण बाहेरून का दिसत नाही? कारण सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये गेटवेपोर्ट्स मुळात 'नो' असतं. तुम्ही ०.०.०.० मागितलं तरी सर्व्हर ते लूपबॅकवरच उघडतो, आणि चूक म्हणून काही दाखवत नाही. बाहेर खरंच दाखवायचं असेल तर गेटवेपोर्ट्स 'क्लायंटस्पेसिफाइड' करा, म्हणजे प्रत्येक टनेलपुरता पत्ता मागता येतो. 'येस' केलं तर प्रत्येक रिमोट फॉरवर्ड सगळ्यांना उघडा होतो, तो टाळा.

माझं मत विचाराल तर दोन्ही टाळा. पोर्ट लूपबॅकवरच ठेवा आणि सर्व्हरवरच्या वेब सर्व्हरला रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पाठवणारा) म्हणून त्याच्यापुढे बसवा. लॉगिन, टीएलएस आणि नोंदी एका जागी येतात.

पोर्टचा नंबर शून्य दिला तर सर्व्हर स्वतः मोकळा नंबर निवडून कळवतो. तात्पुरत्या कामाला हे सोयीचं आहे.

इशारा: कॅपिटल आरच्या पुढे फक्त पोर्ट लिहून लक्ष्य गाळलं, तर ओपनएसएसएच ७.६ पासून ती चूक धरली जात नाही. सर्व्हरवर सॉक्स प्रॉक्सी (मागाल त्या पत्त्याशी जोडून देणारा मध्यस्थ) उघडतो आणि तिथून तुमच्या लॅपटॉपच्या नेटवर्कमध्ये कुठेही जाता येतं. अर्धवट टाइप झालेल्या कमांडचा हा परिणाम लक्षात असू द्या.

७. डायनॅमिक

कॅपिटल डी १२७.०.०.१:१०८० दिलं की लॅपटॉपवर सॉक्स प्रॉक्सी तयार होतो. मग ब्राउझरला तो पत्ता सॉक्स ५ म्हणून द्यायचा. इथली चूक डीएनएसची: नावांचा शोध लॅपटॉपवरच होत राहू शकतो, आणि मग आतली नावं सापडत नाहीत आणि तुम्ही काय शोधता ते स्थानिक नेटवर्कला दिसतं. फायरफॉक्समध्ये डीएनएसही प्रॉक्सीतून न्यायची खूण केलेली आहे ना ते बघा. कर्लमध्ये सॉक्स५ च्या शेवटी एच असलेला प्रकार वापरा.

८. कॉन्फिग फाइलमध्ये टनेलला वेगळं नाव

हाताने चालणारी कमांड मिळाली की ती कॉन्फिगमध्ये न्या, आधी नाही.

चूक अशी होते: नेहमीच्या होस्टच्या नावाखालीच लोकलफॉरवर्ड लिहिलं जातं. मग त्याच सर्व्हरवर दुसरी खिडकी उघडली की पोर्ट आधीच घेतलेला, आणि एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर चालू असेल तर लॉगिनच होत नाही. गिटही त्याच नावानं जात असेल तर तेही अडतं. एससीपी आणि एसएफटीपी मात्र फॉरवर्ड आपणहून बाजूला ठेवतात, म्हणून ती दोन्ही चालतात आणि गोंधळ आणखी वाढतो. उपाय साधा: 'टनेल-डीबी' असं वेगळं होस्ट नाव करा आणि फॉरवर्ड फक्त त्याच्याखाली लिहा.

मधल्या सर्व्हरमधून पुढच्या सर्व्हरवर जायचं असेल तर टनेलात टनेल घालू नका. प्रॉक्सीजंप, म्हणजेच कॅपिटल जे, त्याच कामासाठी आहे.

फाइलमध्ये बहुतेक पर्यायांसाठी पहिली सापडलेली किंमत चालते. म्हणून विशिष्ट होस्ट वर आणि सगळ्यांना लागू होणारा तारा सर्वांत खाली.

*तपासणी:* एसएसएच, कॅपिटल जी, आणि ते नाव. जोडणी न करता, शेवटी काय काय लागू होणार आहे ते पूर्ण छापून येतं. अंदाज करण्यापेक्षा हे वाचा.

९. टिकून राहणारं टनेल

सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का ते किती सेकंदांनी विचारायचं, मुळात शून्य असतं, म्हणजे बंद. ते ३० करा. सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स मुळात ३ आहे, तेवढं पुरे. साधारण दीड मिनिट उत्तर आलं नाही की क्लायंट जोडणी सोडतो.

पुन्हा जोडण्याचं काम सिस्टिमडीवर (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्राम) सोपवा. सर्व्हिस फाइलमध्ये कॅपिटल एन हवा, स्मॉल एफ नको, नाहीतर मूळ प्रोसेस संपली असं सिस्टिमडी समजतं. बॅचमोड 'येस' करा, म्हणजे एसएसएच पासवर्ड वगैरे विचारत थांबत नाही. रीस्टार्ट 'ऑलवेज' आणि रीस्टार्टसेक १० ठेवा. रीस्टार्टसेक लिहिलं नाही तर ते १०० मिलिसेकंद धरलं जातं, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की सिस्टिमडी नाद सोडतं. नेट मिनिटभर गेलं आणि टनेल कायमचं मेलं, या तक्रारीचं मूळ बहुधा हेच.

'हातानं चालतं, सर्व्हिस म्हणून चालत नाही' असं झालं तर युजर बघा. सर्व्हिस ज्या युजरनं चालते त्याच्याकडे एसएसएचची की (किल्ली) आहे का, आणि त्याच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये (ओळखीच्या सर्व्हरची यादी) सर्व्हरची नोंद आहे का? नसेल तर 'येस' म्हणायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

रिमोट फॉरवर्डचा एक वेगळा त्रास: लॅपटॉपचं नेट तुटतं, तो पुन्हा जोडायला जातो, पण सर्व्हरला जुनी जोडणी जिवंत वाटते आणि पोर्ट अजून तिच्याच ताब्यात असतो. यासाठी सर्व्हरच्या बाजूला क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० करावं लागतं. क्लायंटवर कितीही खटपट केली तरी हे सुटत नाही.

१०. सर्व्हरवर कुंपण

टनेलसाठी वेगळा युजर आणि वेगळी की. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये त्या युजरच्या मॅच भागात अलाउटीसीपीफॉरवर्डिंग 'लोकल' (फक्त लोकल फॉरवर्डला परवानगी), आणि परमिटओपनमध्ये (कुठे जोडायची परवानगी) फक्त १०.०.२.१५:५४३२. शेल 'नोलॉगिन' द्या, म्हणजे त्या युजरला कमांड चालवता येत नाही. कॅपिटल एननं टनेल तरीही चालतं.

ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (परवानगी असलेल्या कीजची यादी) 'रिस्ट्रिक्ट' लिहिलं की सगळं बंद झालं असा समज आहे. त्यानं टर्मिनल, एजंट आणि फॉरवर्डिंग बंद होतं, पण एसएसएचच्या पुढे एखादी कमांड लिहून ती चालवणं बंद होत नाही. त्यासाठी 'नोलॉगिन' किंवा सक्तीची कमांड हवीच.

परमिटओपन नावं शोधून ताडत नाही, अक्षरं ताडतं. तिथे आयपी पत्ता आणि क्लायंटच्या कमांडमध्ये यंत्राचं नाव असेल तर नकार येतो, दोन्ही एकच यंत्र असलं तरी.

*तपासणी:* कॉन्फिग बदलल्यावर आधी 'एसएसएचडी' स्मॉल टी देऊन फाइल तपासा, मग रीलोड करा. चालू लॉगिनची खिडकी तोवर बंद करू नका. नवीन खिडकीतून लॉगिन झालं की मगच जुनी सोडा.

११. संदेश आणि त्यामागचं यंत्र

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज': ऐकणाऱ्या टोकावर पोर्ट व्यापलेला. बहुधा तुमचंच जुनं टनेल.

'रिमोट पोर्ट फॉरवर्डिंग फेल्ड': सर्व्हरवर पोर्ट व्यापलेला किंवा परवानगी नाही.

'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड': एसएसएच सर्व्हरचा नकार. अलाउटीसीपीफॉरवर्डिंग आणि परमिटओपन बघा.

'ओपन फेल्ड' आणि त्यापुढे 'कनेक्शन रिफ्यूज्ड': टनेल ठीक, पलीकडची सेवा नाही. तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

कशातच बसत नसेल तर स्मॉल व्ही लावून चालवा आणि क्लायंट जोडताना येणाऱ्या ओळी वाचा.

१२. बंद करणं

पार्श्वभूमीत सोडलेली टनेल आठवडे जिवंत राहतात, आणि मग ५४३२ ऐवजी १५४३२, १५४३३, १५४३४ असे नंबर वाढत जातात. सगळी एसएसएच एकदम मारायची कमांड देऊ नका, दुसऱ्या खिडकीतलं कामही जाईल.

टनेलच्या नावाखाली कंट्रोलमास्टर आणि कंट्रोलपाथ लिहून ठेवा, म्हणजे चालू जोडणीला नंतर सूचना देता येतात. मग कॅपिटल ओ 'चेक' दिलं की टनेल जिवंत आहे का ते कळतं. 'फॉरवर्ड' नं चालू जोडणीत नवा पोर्ट घालता येतो, 'कॅन्सल' नं एकच काढता येतो (घालताना दिलेले चारही भाग तसेच द्यावे लागतात), आणि 'एक्झिट' नं सगळं मिटतं. पूर्वी चालू सेशनमध्ये टिल्डा आणि कॅपिटल सी दाबून हेच करता यायचं. ओपनएसएसएच ९.२ पासून ते मुळात बंद असतं आणि एनेबलएस्केपकमांडलाइन चालू केल्याशिवाय मिळत नाही.

बंद केल्यावर एकदा पोर्ट बघा. १५४३२ वर अजून कोणी ऐकत असेल तर ती प्रोसेस कोणाची आहे ते ओळखून मगच थांबवा, आणि होस्ट्स फाइलमध्ये घातलेली ओळही त्याच वेळी काढा.